तळहातावरचा पंप

दुकानदाराने माझ्या लेकीच्या तळहातावरून पंप उचलून घेतला. काउंटरच्या आत ठेवला. मग रुमालाला हात पुसले.

एवढेच घडले. म्हाताऱ्याने दुकान डोक्यावर घेतले, असे आता खडेबाजारात सांगितले जाते. जावई म्हणतात, गैरसमज झाला असावा. ते तिथे नव्हते. मी होतो. दुखरे गुडघे आवळून, दुकानदाराच्याच स्टुलावर.

माझी लेक बेळगावच्या एका खासगी इस्पितळात रक्त काढते, तपासते. बाळंतपणाची रजा संपली. बाळ आम्हा म्हाताऱ्या नवराबायकोजवळ असते. छाती भरून आली की ती संडासात जाऊन हाताने दूध काढी, आणि बाहेरून कुणीतरी दार बडवी. दूध आटू लागले होते. म्हणून तिला आतल्या कपड्यात बसणारा, नळी-वायर नसलेला, दूध ओढणारा पंप हवा होता. एका हातात सुई, दुसऱ्या हातात रोग्याचा दंड. पंप धरायला तिसरा हात नाही.

सुरुवातीला दुकानदार अदबीने वागला. "बसा ताई. आप्पा, तुम्हीबी टेका." आमच्या आधीच्या बाईंनी काउंटरवरच्या दोन नमुन्यांपैकी एक हाताळला, ब्लाउजवर धरून पाहिला, परत दिला. त्याने तो पुसला नाही. हे मी पाहिले. मग तो माझ्या लेकीच्या हातात आला. तेवढ्यात जावयांचा फोन आला. ती म्हणाली, "जय भीम. दुकानात हाय, मागनं बोलते."

त्यानंतर पंप गेला.

"नमुना हाय हो. सारखा हाताळायचा नसतोय. खोक्यावरचं चित्र बघा की."

"मघाच्या बाईंना चित्र का दाखवलं नाही?" मी विचारले. आवाज चढवला नव्हता. चढवायला तेवढा श्वास आता उरलेला नाही.

तो हसला. "आप्पा, तुम्हाला ह्यातलं काय कळतंय? तुमच्यातल्या बायकांनी वखारीत राबत पोरं वाढवली. तवा यंत्र होतं काय?"

नव्हते. माझी आई निपाणीच्या तंबाखू वखारीत होती. धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन मी फाटकाशी उभा राहत असे. जेवणाच्या सुट्टीशिवाय फाटक उघडत नसे. तोवर आईला दूध सोसवेना झाले की ती आतल्या भिंतीवर पिळून टाकी. मुकादम हसत म्हणे, "म्हशीचं तरी घरला जातंय." फाटक उघडल्यावरही आधी छाती धुवावी लागे, तंबाखूच्या कडवट धुळीने मूल तोंड फिरवी. नळाशी बायकांची रांग. सुट्टी त्यातच सरे.

पोरं वाढवली म्हणे. धाकटी वाढली नाही.

मी उठलो. "चल गं. इथलं काही नको." आयुष्यभर मी हेच केले. हॉटेलातल्या वेगळ्या कपावरून उठलो, लग्नातल्या वेगळ्या पंगतीवरून उठलो. उठून जाणे हाच माझा जबाब होता आणि त्याचा मला अभिमान होता.

लेक उठली नाही.

"आप्पा, बसा. दूध माझं आटालंय. आपण उठून गेलो तर उपाशी कोण ऱ्हाणार? हे दुकानवाले?"

मी बसलो. तिने दुकानदारापुढे तळहात पसरला. "दोन्ही नमुने द्या. आणि पाणी. मी वाकून काम करते. सांडतंय का बघणार."

"ताई, तुमचा गैरसमज..."

"द्या."

हात तसाच पसरलेला. गिऱ्हाइके पाहू लागली. शेवटी त्याने दोन्ही पंप हातावर ठेवले. तिने त्यांत पाणी भरले, एकेक ओढणीवरून छातीशी धरला आणि रोग्यावर वाकावे तशी वाकली. पहिला काउंटरच्या काचेवर ठिबकला. दुसरा कोरडा राहिला. तिने तो चालू करून ओढणीखाली धरला.

"आप्पा, आवाज येतोय?"

"मला न्हाय येत."

"तुम्हाला फटाका वाजला तरी येत न्हाय." ती दुकानदाराकडे वळली. "तुम्हाला येतोय?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग ह्योच. माझ्या मापाचा. सीलबंद."

त्याने खोका आणून काउंटरवर सरकवला. तिने उचलला नाही. पुन्हा तळहात पुढे केला.

"हातात द्या."

त्याने दिला.

आम्ही जिंकलो, असे मी म्हणणार नाही. त्याने हात पुन्हा पुसले असतील. साध्या पंपासाठी एवढे करावे लागले, याचा मला फक्त थकवा आला. आता तिचे दूध बाटलीतून घरी येते. मी ते नातीला पाजतो. भिंतीवर जात नाही.

दुकानदाराला सांगू द्या भांडण. जावयांना म्हणू द्या गैरसमज. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे: मी पाहिले आहे. आणि यापुढे मी कुठूनही उठून जाणार नाही. जे माझे, ते हातात ठेवीपर्यंत बसून राहीन. तळहात पसरून. त्यांच्याच स्टुलावर.