भिंत मीच पाडली होती

हे मी असं सलग कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते — मध्ये थांबवू नकोस.

मुलुंडची आमची बिल्डिंग जुनी, खांबांवर नाही, भिंतींवर उभी असलेली. मला हॉल मोठा हवा होता. म्हणजे स्वयंपाकघराची भिंत जायला हवी. कंत्राटदार स्पष्ट म्हणाला, "मॅडम, लाद्या बदला, रंग लावा, सोसायटीला कळवलं की झालं. पण या भिंतीवर वरच्या घराचा भार आहे. आधी इंजिनिअरला दाखवा, पालिकेची परवानगी काढा." मला समजलं नव्हतं का? चांगलं समजलं होतं. पण कदाचित नकार आला असता — म्हणून मी विचारलंच नाही. दुसरा माणूस शोधला. सेक्रेटरींना सांगितलं, फक्त लाद्या बदलतोय. आणि दार लावून भिंत पाडली.

वर्षभरात वरच्या सावंतकाकूंच्या घरात भिंतीला तडा गेला, लादी खचली. काकू एकट्या, घरघंटीवर बिल्डिंगभर पिठं दळून द्यायच्या, त्यावरच घर चालायचं. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, घरघंटीच्या हादऱ्यांनीच झालं हे. सगळे माझ्याकडे वळले — मी खालीच राहते ना. गप्प बसता आलं असतं. तेवढंही केलं नाही मी. म्हटलं, "हो, आम्हाला हादरे बसतात."

काकू एवढंच म्हणाल्या, "मगे आधी सांगूचा नाय?"

घरघंटी बंद झाली. काकू पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. आणि मी? जिन्यात त्या दिसल्या की मोबाइल कानाला लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात राहायला आली. दिवसभर वर धावायची — नेमकी तिथेच, जिथे खाली भिंत नव्हती. एका दुपारी मला ते ऐकवेना. वर गेले.

"काकू, घरघंटीने नाही झालं. मी खालची भिंत पाडलीय. परवानगी नव्हती."

त्यांनी आधी नातीला उचलून कडेवर घेतलं. मग विचारलं, "तुका म्हायत होता?"

"हो."

"मीटिंगमधी पण?"

"हो."

त्याच संध्याकाळी इंजिनिअर आला, लोखंडी टेकू लागले. पुढे रीतसर परवानगी काढून तुळई बसवली. मीटिंगमध्ये उभी राहून सगळं बोलले — आणि खाली बसले तेव्हा किती वर्षांनी नीट श्वास घेतला, काय सांगू!

काकू आता माझ्याशी बोलत नाहीत. ते बरोबरच आहे. पण जिन्यात त्या समोरून आल्या की मी मान वर करून बाजूला होते, आणि त्यांना आधी जाऊ देते.