घसा धरवणारा जंतू आणि बहिणीचं रक्त

धाकट्या बहिणीचा आवाज पहिल्यांदा गेला तो वर्गात. वर्तकनगरच्या एका शाळेत ती मराठी शिकवते. कविता वाचता वाचता शब्द नाकातून यायला लागले, डावी पापणी खाली आली. मुलांना वाटलं, बाई नक्कल करतायत. ती हसली. तपासण्यांनंतर नाव कळलं, मायस्थेनिया. तिच्याच शरीरातल्या अँटिबॉडी स्नायूंवर उलटल्या होत्या.

शीळफाट्यापलीकडच्या प्रयोगशाळेत मी नेमकं अँटिबॉडींवरच काम करत होते. घसा धरवणारा एक जंतू आपला बचाव करायला एक एन्झाइम सोडतो. अँटिबॉडीच्या देठाशी साखरेची छोटी साखळी असते, ती हे एन्झाइम कापतं. मग अँटिबॉडी जंतूला चिकटते, पण नासधूस करणाऱ्या बाकीच्या फौजेला बोलावू शकत नाही. शरीरावरच उलटलेल्या अँटिबॉडींवर या एन्झाइमचं औषध होईल का, हे आम्ही शोधत होतो.

आई ऐकूनच भडकली. लहानपणी याच जंतूच्या तापानं तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. "त्या मेल्याचं औषध? माझ्या पोरीला?"

बहीण म्हणाली, "ताई, माझं रक्त घेऊन बघ तरी."

रीतसर परवानगी काढून मी ते घेतलं. तिच्या अँटिबॉडींनी काचेच्या बशीत वाढवलेल्या स्नायूपेशी फुटत होत्या. एन्झाइम लावल्यावर बहुतेक तगल्या. मला खुर्चीत बसवेना. पुन्हा करून पाहिलं, तेच.

"मग दे ना मला," ती म्हणाली.

"अगं, माणसाला द्यायच्या लायकीचं नाहीये ते अजून. चांगल्या अँटिबॉडींची साखरही कापेल. वर तुझं शरीर त्याच्यावरच उलटलं तर?"

त्यानंतर ती माझा फोन उचलेना.

एका दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. प्यायलेला चहा नाकातून बाहेर आला होता, श्वास पुरत नव्हता. मी पोचले तेव्हा ती आयसीयूत होती. यंत्रातून तिच्या रक्तातला अँटिबॉडींनी भरलेला द्रव काढून दुसरा भरत होते. बाहेर आईनं माझा दंड धरला.

"तुझ्या फ्रीजमध्ये पडलंय ना ते? आण की गं!"

"आई, नाही आणता येत."

ती तोंड फिरवून बसली. मी जिना उतरले, चढले, पुन्हा उतरले. फ्रीजमधली एन्झाइमची बाटली डोळ्यांसमोरून हलेना.

हळूहळू बहीण सावरली. वॉर्डात आल्यावर ती म्हणाली, "राग गेलाय. पण तू थांबू नकोस हं."

आता ती गोळ्यांवर आहे, गळ्यात माइक अडकवून शिकवते. प्रयोगशाळेत हाच आजार दिलेले माझे उंदीर एन्झाइमच्या पहिल्या डोसला सुधारतात; दुसऱ्या डोसपर्यंत त्यांचं शरीर एन्झाइमला ओळखायला लागतं आणि ते निकामी करतं. परवा जेवताना आईनं विचारलं, "झालं का गं तुझं?"

"नाही अजून."

मी अर्ध्या जेवणातून उठले. बहिणीनं हात धरून खाली बसवलं आणि माझ्या ताटात भात वाढला.