दाजींचा टर्बो आणि तवंदीचा घाट

आमच्या दाजींनी जन्मात एकही वस्तू जशी आली तशी वापरली नाही. दुकानातून घरी येणाऱ्या प्रत्येक वस्तूत बनवणाऱ्याने काहीतरी अर्धवट सोडलेलं असतं आणि ते पुरं करण्यासाठीच आपला जन्म निपाणीत झाला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. लग्नात आमच्याकडून मिळालेलं मनगटी घड्याळ त्यांनी सत्यनारायणाच्या पाटावर बसल्या बसल्याच उघडलं होतं, असं आक्का सांगते. घरातल्या पंख्याला त्यांनी चौथं पातं लावलं. तो पंखा सुरू झाला की छताबरोबर आमचीही छाती धडधडायची. कुकरची शिट्टी बारीक वाटली म्हणून तिच्यावर पितळी नळी बसवली, आणि तेव्हापासून आक्काच्या घरी वरण शिजलं की शेजारच्या गल्लीतली माणसं जेवायला उठू लागली. मी बेळगावात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. माझ्या वाचायच्या दिव्याला त्यांनी स्कूटरचा आरसा जोडून दिला. "पावणं, आता उजेड पानावरच पडतोय बघा. भिंतीला फुकट जाईना." उजेड खरोखरच पानावर पडत होता, फक्त पान उलटलं की आरसाही हलवावा लागे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. पिढीजात तंबाखूचे व्यापारी. तंबाखू पारखणारं नाक त्यांनी हळूहळू सगळ्या जगासाठी वापरायला काढलं होतं. नवी चप्पल, पेट्रोल, माझी पुस्तकं, सगळं ते आधी हुंगून पाहत. मुलीला पाहायला आलेल्या मुलाच्या जवळ जाऊन त्यांनी असा दीर्घ श्वास घेतला की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. पाहुणे गेल्यावर दाजींनी निकाल दिला, "चांगला हाय पोरगा. जरा ओला हाय अजून. वाळंल." तोच मुलगा जावई झाला आणि आता पुण्यात अगदी वाळून संसार करतो आहे.

अशा माणसाच्या हाती साठीच्या उंबरठ्यावर एक स्पोर्ट्स कार लागली. गोव्यात कुणा हॉटेलवाल्याने विकायला काढलेली. लाल, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की शेजारून बैल गेला तर आतल्या माणसाला त्याचे गुडघे दिसावेत. दाजींनी तिला हुंगली आणि घेऊन आले. आक्का दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्येच्यात बसायचं का निजायचं?" दाजींना असल्या बोलण्याचं काही नव्हतं. रोज संध्याकाळी ते गाडी घेऊन कोगनोळीच्या नाक्यापर्यंत जाऊन येत. नाक्यावरच्या नव्या पोलिसाने एकदा ती गोव्याची नंबरप्लेट बघून कन्नडमधून कसून चौकशी केली, तेव्हा दाजी कन्नडमधूनच, छाती पुढे काढून म्हणाले, "गाडी गोव्याची, मालक कर्नाटकाचा, आणि रविवारी मटण खायला महाराष्ट्रात. आता बोला, कुठल्या राज्याचा दंड लावताय?" पोलिसाने दंड लावला नाही. त्याने गाडीत बसून फोटो काढून घेतला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की दाजी, या वयात ही हौस कशासाठी?  ते म्हणाले, "जन्मभर सावकाश वाळणारा माल इकला, पावणं. एक तरी वस्तू जोरात जाणारी पायजे का नको?"

जोरात जाणाऱ्या त्या वस्तूला एक गोष्ट मात्र जमत नव्हती. निपाणी सोडून संकेश्वरकडे निघालं की तवंदीचा घाट लागतो. तो काही फार मोठा घाट नव्हे. एसट्या, ट्रक, दुधाच्या गाड्या दिवसभर तो चढत असतात. पण त्या गिअर खाली टाकून चढतात, आणि दाजींच्या मते गिअर खाली टाकणं म्हणजे शरण जाणं. गाडी टॉप गिअरमध्येच घाट चढली पाहिजे. "गिअर पाडायचा? मग बैलगाडी काय वाईट हाय?" म्हाताऱ्या इंजिनाला हे तत्त्व झेपत नसे. संकेश्वरला दाजींच्या भाच्याच्या लग्नाला निघालो त्या दिवशी अर्ध्या घाटात गाडीने आचके दिले, बॉनेटमधून वाफ आली आणि ती उभी राहिली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरलेला. तो आम्हाला ओलांडून पुढे गेला, थांबला, आणि त्याच्या ड्रायव्हरने मागे वळून प्रेमाने विचारलं, "अण्णा, दोरी बांधू काय?"

दाजींनी दोरी नाकारली. आक्काने मात्र इरकली साडी सावरली आणि ती ट्रॅक्टरवर चढून लग्नाला निघून गेली. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिच्या अंबाड्यात उसाचं पान आहे.

परत आल्यावर तिने माझ्यासमोर दाजींना सांगितलं, "त्ये कोल्हापूरचं गिऱ्हाईक गाडी मागायलंय न्हवं? एक डाव, माझ्या डोळ्यांदेखत, खालनं वरपातूर, कुठं न थांबता, तुमच्या त्या टॉपात घाट चढून दाखवा. न्हाय चढली तर त्येला द्यायची. परत नाव काढायचं न्हाय."

"दिला शब्द," दाजी म्हणाले. आणि दाजींच्या नुसत्या शब्दावर निपाणीच्या बाजारात गोण्या हलत. तो मोडला जाणार नव्हता. म्हणजे आता गाडी राहणार की जाणार, हे तवंदीच्या घाटावर ठरणार होतं.

त्यानंतर आमच्या आयुष्यात टर्बो आला. तो काय असतो हे मी एका जाड पुस्तकात वाचून पाहिलं आणि मला काही कळलं नाही. दाजींनी चहा पिता पिता सांगितलं, "इंजिनाचा धूर फुकट बाहीर जातोय. त्या धुरावर एक बारकं चाक फिरवायचं. त्या चाकानं दुसरं चाक फिरवायचं, आणि त्येनं इंजिनात वारा कोंबायचा. चुलीला फुंकणी, इंजिनाला टर्बो. न्हाय कळायला काय झालं?" टर्बोचा सगळा संच लाकडी खोक्यातून आला. भुसा बाजूला केल्यावर आतून गोगलगायीच्या शंखासारखी एक चकचकीत वस्तू निघाली. दाजींनी ती दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटून हुंगली आणि म्हणाले, "लई तेज माल हाय." बाकी सगळे पाइप, नळ्या, हवेचं फिल्टर आणि वाऱ्याचा दाब दाखवणारं एक छोटं मीटर त्यांनी गोदामाच्या फरशीवर तंबाखूच्या प्रतवारीसारखं ओळीने मांडलं.

बरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवायचं काम माझं. मी दर रविवारी बेळगावहून बसने येई, गोणीवर बसे आणि वाचे. "हा संच आपल्या गाडीला बसेलच अशी खात्री नाही."

"त्ये त्येंचं मत झालं," दाजी म्हणत. "फुडं वाचा."

बेळगावच्या उद्यमबागेतले, कारखान्यांच्या वस्तीतले, एक मिस्त्री मदतीला येत. ते अतिशय कमी बोलत, आणि जे बोलत ते बहुधा "बसंना" एवढंच असे. शंख बसंना म्हणून बॅटरी डिकीत गेली. पाइप बसंना म्हणून हॉर्न मडगार्डात गेला आणि त्याचा आवाज पाण्यात बुडालेल्या म्हशीसारखा येऊ लागला. बेळगावात नवीन जोड ओतून आणला, तो कानस मारून मारून बसवला. सगळा पावसाळा असा गेला. माझी पुस्तकं वाचायची राहिली, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची आठवणही झाली नाही. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि दाजींनी रेस दिल्यावर आतून ती बारीक, चढत जाणारी शीळ आली, त्या दिवशी गोदामातली सगळी कबुतरं एकदम उडाली, मिस्त्री चक्क "बसलं" म्हणाले, आणि मी, ज्याने ग्रंथालयात आयुष्यभर माणसांना गप्प बसवलं, मोठ्याने ओरडलो.

इथे निपाणीतल्या तंबाखूच्या घरांची एक रीत सांगितली पाहिजे. गोदाम घराला लागूनच. हवेत सदा तंबाखूची धूळ. नवं माणूस आलं की पहिले दोन दिवस नुसतं शिंकतं. त्यामुळे घरात कशाचंही तोंड उघडं ठेवायचं नाही. घागर, दुधाचं पातेलं, पिठाचा डबा, सगळ्यांवर जुन्या लुगड्याचं फडकं चौघडी करून, दोऱ्याने आवळून बांधायचं. आक्काचे हात हे काम तिला न विचारता करतात. मी उघडं ठेवून झोपलेल्या पुस्तकावरही सकाळी फडकं असे.

घाटाचा दिवस उजाडला. दाजींनी अंघोळ करून पांढरा शर्ट घातला, बॉनेट उचलूनसुद्धा पाहिलं नाही. परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडायचं नसतं, म्हणाले. आक्का पुढे बसली. मी मागच्या नावापुरत्या जागेत, दोन्ही गुडघे कानांशी घेऊन. गावातून गाडी शहाण्यासारखी निघाली. घाटाच्या पायथ्याशी दाजींनी टॉप टाकला, "बसा घट्ट!" म्हणाले आणि पाय दाबला.

गाडी चढली थोडी. मग खोकली. शीळ आलीच नाही. मीटरचा काटा हलला आणि परत पडला, मागे काळा धूर निघाला, आणि जिथे उसाच्या ट्रॅक्टरने आम्हाला ओलांडलं होतं त्याच्याही अलीकडे ती उभी राहिली.

 दाजी खाली उतरले, कठड्यापाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "पावणं, त्या कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला फोन लावा." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी खिशातून फोन काढला. आक्का समोर बघत बसली होती. जे तिला हवं होतं ते झालं होतं. तिने फक्त गप्प राहायचं होतं.

"अहो," ती म्हणाली. "त्या नव्या जाळीच्या डब्यातनं वारा आत जातोय व्हय?"

"जातोय की. त्येच नाक हाय तिचं."

"त्येच्यावर मी काल सांजचं फडकं बांधलंय."

दाजी वळले. त्यांनी बॉनेट उघडलं. चकचकीत फिल्टरवर निळ्या लुगड्याचं फडकं, चौघडी करून, दोऱ्याने घट्ट आवळून बांधलेलं. वारा ओढून ओढून ते आत चिकटून बसलं होतं. 

"झाकून ठेवलीस?"

"बॉनेट उघडंच टाकून तुम्ही च्या प्यायला गेलतासा. धूळ जाईल म्हणलं. बांधलं आन् बॉनेटबी लावून टाकलं."

"आगं, पण तुला गाडी नको होती न्हवं?"

"नकोच होती," आक्का फणकाऱ्याने म्हणाली. "म्हणून काय तिच्या नाकात तंबाखू जाऊ द्यायची?"

दाजींनी गाठ सोडली, फडकं झटकलं, त्याने स्वतःचं कपाळ पुसलं. मग म्हणाले, "तरी पण शब्द म्हंजे शब्द. गाडी थांबली."

"गाडी न्हाय थांबली. मी थांबवली," आक्का म्हणाली. "फिरवा खाली. पयल्यापासनं."

दुसऱ्या खेपेला जे झालं ते लिहायला माझ्याजवळची भाषा अपुरी आहे; ती ग्रंथालयातली आहे. पायथ्याशी दाजींनी पाय दाबला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग ती शीळ उठली, बारीक, मग धारदार, काटा सरकत वर गेला, आणि पाठीमागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी सुटली. माझं डोकं मागच्या काचेला लागलं. झाडं, कठडा, दगड, सगळं आमच्याकडे धावत येऊन बाजूला फेकलं जात होतं. एक ट्रक मागे गेला. दुसरा गेला. दाजी मोठमोठ्याने हसत होते, आणि त्यांच्या हसण्यावर आवाज चढवून कुणीतरी ओरडत होतं, "हाणा! त्या एसटीला घाला मागं! हाणा की!" ती माझी बहीण होती, जी आयुष्यात कधी दुधावर ओरडली नव्हती, ते उतू गेल्यावरसुद्धा.

घाटमाथ्यावर दाजींनी गाडी बाजूला घेतली. इंजिन टकटक करत निवत होतं. आक्काने केस मागे सारले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "संपला व्हय? एवढाच हाय घाट?"

कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला फोन गेला नाही. नंतरची काही वर्षं संध्याकाळी ती दोघं कोगनोळीऐवजी तवंदीला जात.

गेल्या माघात दाजी गेले. दुपारी, गोदामात, गोणीला टेकून बसले असताना. लेकीने आणि जावयाने पुण्याहून सांगितलं की गाडी काढून टाका, चालवणार कोण. आक्का "बघू" म्हणाली आणि तिने किल्ली माझ्याकडे दिली. गाडी उभी राहिली की बिघडते, एवढंच कारण तिने सांगितलं. मला चालवायला दाजींनीच शिकवलं होतं. मी त्यांचा सर्वांत संथ विद्यार्थी. आता मी रविवारी बसने निपाणीला येतो, आक्का शेजारी बसते आणि आम्ही हायवेवरून सावकाश निघतो. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "गप का हाय रं ही?" मी म्हटलं, "सपाटीवर, अशा चालीनं शीळ येत नाही, आक्का. चढ लागतो तिला." ती "व्हय" म्हणाली. घाट समोर दिसू लागला की मी गाडी वळवतो. सांगायला काहीतरी असतंच: ऊन फार आहे, पेट्रोल कमी आहे, बेळगावची शेवटची बस चुकेल. 

गेल्या रविवारी मी वळायच्या जागी इंडिकेटर दिला, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"आज घरीच ऱ्हा मुक्कामाला," ती म्हणाली. "जाऊ दे ती बस."

मी इंडिकेटर बंद केला. समोर चढ सुरू होत होता.