फळ्यावर नाव, कागदावर शून्य

मला माणसात आणलं ते शांताराम परब यांनी, आमच्या नानांनी. आईवडिलांनी जन्म दिला, तालुक्याच्या शाळेनं अक्षर दिलं, पण त्या अक्षराचं काय करायचं असतं हे मला नानांनी शिकवलं. गेल्या महिन्यात एका सकाळी मी शीवला ऑफिसात पोचत होतो तोच डिलाईल रोडवरच्या आमच्या गावाच्या खोलीतून, तिथं राहणाऱ्या बाळूचा फोन आला. ‘नाना गेले रे. झोपेतच.’ मग म्हणाला, ‘ग्रुपवर टाकलंय सगळ्यांना. फळ्यावर लिहायचं काय? आता वाचतं कोण?’ मी म्हटलं, खडूला कुणी हात लावू नका, मी येतो.

हा फळा म्हणजे काय ते सांगायला हवं. कोकणातून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी गावागावाच्या नावानं चाळीत खोल्या घेतल्या होत्या. तिथं पाळीपाळीनं झोपायचं, प्रत्येकाची एक ट्रंक. आमच्या गावाच्या खोलीत दाराशेजारी एक काळा फळा आहे. गावात कुणी वारलं की त्यावर नाव, वाडी आणि दिवस लिहायचा, म्हणजे मुंबईतल्या भावकीला सुतक कळतं. सुतकात देवाला हात लावायचा नाही, शिमग्याला देवीची पालखी त्या घरी येत नाही. म्हणून फळ्यावर चूक चालत नाही. गिरणी बंद पडल्यावर नाना परळच्या एका शाळेत शिपाई झाले, निवृत्त झाले, पण फळा त्यांनी सोडला नाही. फळ्यावरचं पुसण्याआधी ते वहीत उतरवून ठेवत.

बारावी होऊन मी खोलीत आलो तेव्हा आमच्या घरात सहीपलीकडं कुणाला लिहिता येत नव्हतं. नानांनी माझी वही उघडून पाहिली आणि खडू माझ्या हातात दिला. ‘अक्षर बरा आसा तुझा. आजपासून तू लिव.’ दुसऱ्याच महिन्यात मी घोळ घातला. एस.टी.नं आलेल्या एका माणसानं सांगितलं म्हणून मी वरच्या वाडीच्या गंगारामचं नाव लिहून टाकलं. लालबागच्या त्याच्या पुतण्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली, ठरलेला साखरपुडा पुढं ढकलला. चौथ्या दिवशी गंगाराम स्वतः फणस घेऊन खोलीच्या दारात उभा! त्यानं फळ्यावर आपलं नाव वाचलं आणि शांतपणे म्हणाला, ‘अक्षर बरा आसा.’ खोली हसून हसून लोळली. नाना मात्र हसले नाहीत. ‘जिवंत माणूस फळ्यार लिवलंस मेल्या! कोण सांगल्यान तुका?’ मी म्हटलं, एकानं. ‘एकान सांगल्यान तर ती वावडी. दोघांनी सांगल्यानी तर ती नोंद. खात्री केल्याशिवाय लिवचा नाय.’ हे वाक्य मी कॉलेजच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. तेवढ्यावरच माझी अक्कल संपली, हे पुढं कळलं.

त्याच मजल्यावर दोन दारं सोडून नाना आणि सुमतीकाकी राहत. काकींची खानावळ होती, खोलीतली माणसं तिथंच जेवायची. परीक्षेच्या दिवसांत काकी माझ्या ताटात माशाची जास्तीची तुकडी वाढत आणि कुणी कुरकुरला तर म्हणत, ‘तुका बी.ए. व्हायचा आसा काय? नाय ना? मग गप जेव.’ मी पदवीधर झालो तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात ‘आमचो दिगू’ म्हणून सांगितलं. नंतर मला गावाकडं, तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कंत्राटावर संगणकाचं काम मिळालं. निघताना नानांनी एकच मागणं केलं, महिन्याला एक पत्र. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, असं ते म्हणत. मी शब्द पाळला. पत्र लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडं द्यायचं, सकाळी ते डिलाईल रोडला पोचायचं.

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी तिथल्या समुद्रात पाय बुडवले आहेत, सुरमईच्या थाळीचे फोटो काढले आहेत. करोनाच्या पहिल्या वर्षात तो समुद्र महिनोन् महिने ओस पडला आणि मग, थंडीत, पुन्हा उघडला. वेशीवर मोठा फलक लागला : ‘शून्य रुग्ण. निश्चिंत या.’ त्या फलकावरचं शून्य माझ्या संगणकातून गेलं होतं. रोज दुपारी गावांच्या नावांपुढं आकडे भरायचं काम माझं. आमच्या साहेबांनी रीत घालून दिली होती. ज्याचं आधारकार्ड मुंबईचं, तो रुग्ण मुंबईचा. हॉटेलात काम करणारा पोरगा आजारी पडला, तर तो त्याच्या मूळ गावचा. खालच्या वाडीत, जिथं घराघरांत पर्यटक उतरतात, तिथं तपासणीच करायची नाही. ‘सीझन संपू दे हो, मग बघू. एक आकडा चढला की बुकिंगं उतरतात.’ म्हणजे गावात माणसं खोकत होती, तापत होती, मरत होती, आणि त्यातलं कुणीही गावचं नव्हतं! खालच्या वाडीच्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आशा सेविका, मला येऊन म्हणाल्या होत्या, ‘दिगंबरदादा, घरोघर ताप आहे, लिहून घ्या.’ मी म्हटलं, रिपोर्ट आणा, लिहितो. दोन दिवसांनी शेजारच्या वाडीच्या आशाताईंनीही तेच सांगितलं. एक नव्हे, दोघींनी सांगितलं. नानांच्या हिशेबानं ती नोंद होती. मी ती केली नाही. आमच्या घरातला पहिला पगार होता तो, साहेबांनी मला खुर्ची दिली होती, आणि सरकारी कागद चुकेल असं मला खरंच वाटत नव्हतं.

शिमग्याच्या तोंडावर नानांचं पत्र आलं. फळ्यावर खालच्या वाडीच्या नावांना जागा पुरत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. ‘एवढी माणसं कशानं गेली ते विचारून कळव. गणपतीला येता आलं नाही म्हणून काकी पालखीसाठी हट्ट धरून बसली आहे. तू म्हणशील तसं करू.’ विचारून कळव... मी कुणालाही विचारलं नाही. माझ्याकडं आकडा होता. त्याच दिवशी उत्तर लिहिलं. दोघं आली.

त्या शिमग्याला पालखी निघाली ती मोजक्या माणसांत. आमच्या वाडीत ती घरोघर थांबली, काकींनी ओटी भरली, अंगणात उभं राहून गाऱ्हाणं ऐकलं. पण खालच्या वाडीत पालखी उतरलीच नाही. घरामागून घर सुतकात. पालखी वरच्या रस्त्यानंच पुढं गेली आणि खाली माणसं आपापल्या दारातून हात जोडून उभी होती. देवीला माहीत होतं, पालखीच्या भोयांना माहीत होतं, अंगणातल्या पोराटोरांना माहीत होतं. शून्य फक्त आमच्या कार्यालयात होतं. काकी माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘रे दिगू, एवढी घरा सुतकात?’ मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी काकींना ताप भरला. तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी झाली, करोनाच निघाला. तापाच्या पाचव्या दिवशी त्या गेल्या. कागद माझ्याच टेबलावर आला. सुमती शांताराम परब, राहणार डिलाईल रोड. साहेब म्हणाले, ‘मुंबईत टाका.’ मी टाकलं. त्या दिवशीही आमच्या गावापुढं शून्य भरलं, आणि तेही याच हातानं.

मुंबईनंही काकींना घेतलं नाही. मृत्यू बाहेरचा, म्हणून आमच्या यादीत नाही, असं इथल्या कार्यालयात सांगितलं. तिकडं सांगितलं, पत्ता मुंबईचा. दाखल्यावर लिहिलं, श्वसनक्रिया बंद पडून. श्वास बंद पडल्याशिवाय कोण मरतं? नाना वर्षानुवर्षं दोन्हीकडं खेटे घालत राहिले, धोतर नेसून, वही काखेत मारून. एकदा मी बरोबर होतो. खिडकीतल्या बाईंनी वैतागून विचारलं, ‘आजोबा, मदतीचा अर्ज आहे का?’ नाना म्हणाले, ‘मदत नको. माझी बायल मेली ती खय मेली ता तरी सांगा. शून्य पुसा आणि एक लिवा. माका दुसरा काय एक नको.’ बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली.

काकी गेल्यावर मी ती नोकरी सोडली. डिलाईल रोडला येऊन नानांपुढं बसलो आणि सगळं सांगितलं, आशाताईंचं, साहेबांचं, काकींच्या कागदाचं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘तू खोटा लिवूक नाय, झिला. तू इचारूक नाय.’ आणि उठून मला जेवायला वाढलं. मी सगळं लेखी दिलं, सही करून, दोन्ही कार्यालयांत. नाना ती प्रतही वहीत घालून फिरले. उत्तर आलेलं नाही. साहेबांची बढती झाली. गावाला करोनामुक्त म्हणून शाल-श्रीफळ मिळालं, सत्काराचा फोटो आजही ग्रामपंचायतीत लावलेला आहे. लोक म्हणतात, झालं गेलं, किती वर्षं झाली, आता कशाला उकरायचं. ज्यांची माणसं मोजली गेली त्यांनी हे खुशाल म्हणावं. खालच्या वाडीतल्या लोकांनी कुणाला विसरायचं? त्यांच्या घरी तर कागदोपत्री कुणी गेलेलंच नाही. आणि नाना गेले ते काकींना एक आकडा मिळवून देता आला नाही म्हणून झुरत गेले. त्यांच्या दाखल्यावर वार्धक्य लिहिलं आहे. असेल.

त्या सकाळी मी खोलीत पोचलो. बाळूला विचारलं, नाना गेले? तो माझ्याकडं बघतच राहिला, मग समजला आणि म्हणाला, ‘हो, गेले.’ शेजारच्या मावशींना विचारलं. त्याही हो म्हणाल्या. दोघांनी सांगितल्यावर खडू घेतला आणि लिहिलं : शांताराम परब, मधली वाडी. मग वहीत उतरवायला वही उघडली, तर ती आपोआप एका पानावर उघडली. काकींचं नाव, नानांच्या अक्षरात. पुढं वाडी, दिवस, आणि वहीत दुसऱ्या कुणाच्याही नावापुढं नसलेला एक शब्द : करोना. त्या पानात माझं पत्र होतं. घडीवर फाटत आलेलं, मागून चिकटपट्टी लावून जपलेलं. एवढ्या वर्षांत नानांनी ते कुठल्याही खिडकीत दाखवलं नव्हतं. मी ते इथं जसंच्या तसं देतो.

‘तीर्थस्वरूप नाना आणि काकी यांस साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फळ्यावरच्या नावांची काळजी करू नका. वय झालं की माणसं जातात, यंदा थंडीही फार होती. गावात करोनाचा एकही रुग्ण नाही. हे ऐकीव सांगत नाही. गावापुढचा आकडा रोज दुपारी मी स्वतः भरतो. खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आजचा आकडाही शून्य आहे.

काकींना सांगा, पालखी यंदा नक्की घरी येणार. ओटीचं सामान तिकडून आणू नका, मी घेऊन ठेवतो. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ड्रायव्हरला पुढची सीट सांगून ठेवली आहे.

दोघं निश्चिंत या.

तुमचा,
दिगू’