माय मदर, ही

इथे परदेशात, श्रूजबरी गावच्या लायब्ररीत दर शनिवारी मी इंग्रजी शिकणाऱ्यांशी गप्पा मारायला बसतो. तिथे पन्नाशीची एक चिनी बाई यायची. तिकडे ती नर्स होती. इथल्या लायसन्ससाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास होणं भाग होतं. हातातली पेन्सिल थर्मामीटरसारखी झटकायची आणि मगच बोलायची.

चिनी बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच. त्यामुळे ती म्हणायची, “माय मदर, ही लाइक टी.” माझ्या मराठी कानाला आईला ‘ही’ म्हटलेलं खटकायचंच नाही. खटकलं तरी, वयाने मोठ्या बाईला कशाला टोकायचं, म्हणून मी मान डोलवायचो.

ती दुसऱ्यांदा नापास झाली. पुढच्या शनिवारी म्हणाली, “टीचर, तुम्हाला माझं सगळं समजतं. परीक्षकाला समजत नाही. आता मला समजून घेऊ नका.”

मला मान वर करवेना. ज्याला मी चांगुलपणा समजत होतो, तो माझा आळस होता. त्या दिवसापासून प्रत्येक चुकीला मी टेबलावर टकटक करू लागलो.

“जोरात!” ती म्हणायची. “मी पेशंट नाही.”

परीक्षेच्या आदल्या शनिवारी ती आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होती. डोळे भरून आले होते. “आय वॉज नर्स. बट ही डाइड अलोन.”

माझा हात अडखळला. तरीही मी टकटक केली.

“शी,” ती म्हणाली. “शी डाइड अलोन.” आणि डोळे न पुसता तिने पुढचं वाक्य सुरू केलं.