टॉवरखाली फोन, फाट्यावर माणूस

ती घटना आठवली की आजही मला आधी हायसे वाटते आणि मग थोडी लाज वाटते. हा क्रम उलटा असता तर मी तिच्याबद्दल लिहायला बसलो नसतो.

नोकरीची शेवटची दीड वर्षे उरली होती. धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेऱ्यांचा नवा नियंत्रण कक्ष सुरू झाला. चौकाचौकांत, रस्त्यांच्या फाट्यांवर कॅमेरे, एक भिंतभर पडदा आणि चेहरे ओळखणारी संगणक प्रणाली. उद्घाटनाच्या भाषणांत ‘तिसरा डोळा’ हे शब्द इतक्या वेळा आले की पहिल्या दोन डोळ्यांची मला काळजी वाटू लागली. पडद्यावर सर्वांत स्पष्ट दिसले ते उद्घाटकांचे हार घातलेले चेहरे. प्रणालीने त्यांपैकी कोणालाच ओळखले नाही, कारण तिच्यात फक्त गुन्हेगारांची नोंद होती.

आमच्या हद्दीत, येडशीच्या बाजूच्या माळावर पवनचक्क्या आहेत. महिनाभरात तीन ठिकाणांहून तांब्याची केबल चोरीला गेली होती, तीही भरदुपारी. चोर पिवळे हेल्मेट आणि चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून पिकअपमधून येत. असा वेश केलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी काही विचारत नाही, उलट गेट उघडून देतात. मंगळवारी तिसऱ्या ठिकाणच्या पहारेकऱ्याने मात्र विचारले. त्याच्या डोक्यात लोखंडी पाना बसला आणि तो बेशुद्धावस्थेत धाराशिवच्या रुग्णालयात दाखल झाला. प्रकरण चोरीवरून जबरी चोरीवर गेले.

बातमी या वेळी खबऱ्याने आणली नाही, संगणकाने आणली. घटनेच्या वेळी त्या भागातल्या मोबाइल टॉवरच्या हद्दीत कोणकोणते फोन होते, त्याची यादी मागवता येते. आमच्या तरुण उपनिरीक्षकाने तिन्ही घटनांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तिथे कायम राहणारे लोक वगळल्यावर तिन्ही याद्यांत एकच क्रमांक उरला. तो मुरुमकडच्या एका मेंढपाळाच्या नावावर होता. मेंढ्या घेऊन तो महिनाभर याच माळाच्या कडेने सरकत आला होता.

सकाळी जीप गेली आणि त्याला फोनसह घेऊन आली. दहा वाजता वरिष्ठांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी अकराला पत्रकार परिषद ठरली होती, नियंत्रण कक्षात, मोठ्या पडद्यापुढे. नव्या यंत्रणेने उघडकीस आणलेला पहिला गुन्हा म्हणून बातमी द्यायची होती. प्रेस नोट तयार होती. अटकेचे कागद तेवढे व्हायचे होते आणि ते मी करायचे होते.

मेंढपाळ पंचेचाळिशीचा असेल. घोंगडी मांडीवर घेऊन बाकावर टेकला होता, बसला होता असे म्हणता येणार नाही. चौकशी उपनिरीक्षकाने सुरू केली. हातात नकाशा होता.

“मंगळवारी दुपारी एकला कुठं होतास?”

“फाट्यापाशी हुतो साहेब. मेंढरं घिऊन.”

“आणि फोन?”

“माझ्यापाशीच.”

“फोन पवनचक्कीजवळच्या मोबाइल टॉवरखाली होता. फाट्यापासून अकरा किलोमीटर. उडत गेला का?”

“न्हाय जी.”

“मग तू चक्कीपाशी होतास.”

“म्या फाट्यावर हुतो.”

“आणि फोन?”

“माझ्यापाशीच हुता.”

हे तासभर चालले. उपनिरीक्षकाच्या दृष्टीने चौकशी संपली होती, कारण आरोपी उघड उघड खोटे बोलत होता. तो खोटे बोलतोय हे मलाही दिसत होते. पण तीस वर्षे खोटे ऐकल्यावर त्यातली एक रीत समजते. माणूस स्वतःला सोडवण्यासाठी खोटे बोलतो. हा मात्र स्वतःला अडकवणारी गोष्टच घट्ट धरून बसला होता. ‘फोन हरवला होता’ एवढे म्हणाला असता तरी आमची पंचाईत झाली असती.

फोन अजून सीलबंद केलेला नव्हता. पंच हजर होते. मी तो त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “एवढा उघडून दाखवा.”

त्याने काचेवर बोट फिरवले. उघडला नाही. दुसऱ्यांदा वेगळ्याच दिशेने फिरवले. तिसऱ्यांदा त्याने फोन फक्त हातात धरला आणि माझ्याकडे पाहिले.

“तुमचाच आहे ना?”

त्याने फोन घाईने टेबलावर ठेवून दिला. सकाळपासून प्रथमच तो खरोखर घाबरलेला दिसला.

दाराशी आमचे जुने हवालदार उभे होते. शेतकरी घरातले, आणखी वर्षभरात निवृत्त होणारे. ते म्हणाले, “साहेब, एक बोलू का? आमच्या रानात दर साली मेंढरं बसवतो आमी, खतासाठी. ह्यांची रीत अशी हाय, सकाळी बायका घोडीवर संसार लादून पुढं जातेत अन् मुक्कामाची जागा धरतेत. गडी मेंढरं चारत मागनं येतो. फोन बिऱ्हाडासंगं जातो, कारण ज्याच्या रानात बसायचं त्याचा फोन तिकडं येतो.”

“मग मुक्काम कुठं पडला ते गड्याला कसं कळतं?”

“भेटल त्याच्या फोनवरनं बायकूला इचारायचं. का हो पाव्हणं?”

पाहुणे खाली मान घालून बसले होते.

मग कोडे सुटले. फोन बायकोजवळ होता हे तो सांगत नव्हता. सांगितले की जीप पुन्हा जाणार आणि या वेळी तिला घेऊन येणार. मी तसे विचारलेही. तो हळू आवाजात म्हणाला, “आमच्या भावकीतल्या एका बाईला असंच नेलं हुतं साहेब, दुसऱ्या जिल्ह्यात. सांच्यापतोर बाकड्यावर बसिवली. तिची काय बी चुकी नव्हती. पर लोकांनी पुढं तिलाच नावं ठिवली.”

मी म्हणालो, “साक्षीदार म्हणून बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. ती राहते तिथे जाऊन आम्हीच जबाब घ्यायचा असतो. तसा कायदा आहे.”

“असला कायदा हाय?”

“आहे.”

“पर तुमच्या माणसास्नी ठावं हाय का त्यो?”

हवालदार खोकले. “आता झालाय ठावं,” ते म्हणाले.

त्यानंतर तो सरळ बोलला. फाट्यावरच्या चहावाल्याच्या फोनवरून त्याने बायकोला फोन लावला होता. ती माळावर, पवनचक्कीच्या खालच्या अंगाला चूल मांडत होती. उपनिरीक्षकाने मेंढपाळाच्या क्रमांकाची कॉलची यादी काढली. मंगळवारी दुपारी एकला दहा मिनिटे कमी असताना एका अनोळखी क्रमांकावरून फोन आल्याची नोंद तिच्यात होती. ही यादी सकाळपासून त्याच्याच टेबलावर पडून होती. आम्ही त्या क्रमांकावर फोन केला. चहावाला म्हणाला, “व्हय, मागितला हुता एका मेंढरंवाल्यानं. त्याच्या मेंढरानं माझं तुळशीचं रोप खाल्लं, म्हणून तर ध्यानात हाय!”

उपनिरीक्षक म्हणाला, “सर, चहावाला याच्या ओळखीचा असू शकतो.” शंका रास्त होती. फाट्यावर नव्या यंत्रणेचा कॅमेरा होता. मी मेंढपाळाला म्हणालो, “तुमची मेंढरं कशी दिसतात ते आधी सांगा. नंतर पडदा बघू.” त्याने सांगितले ते उपनिरीक्षकानेच पंचांसमोर लिहून घेतले. म्होरक्या मेंढा, उजवे शिंग अर्धे मोडलेले. एका मेंढीच्या मागच्या पायाला निळी चिंधी. सर्वांत मागे दोन काळी जुळी कोकरे आणि शेपूट तुटलेले कुत्रे.

तासाभरात आम्ही नियंत्रण कक्षात होतो. मंगळवारचे चित्रण सुरू झाले. मोटारसायकलवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्या चेहऱ्यांभोवती हिरवे चौकोन उमटत होते आणि विझत होते. एक वाजून चार मिनिटांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून मोडक्या शिंगाचा मेंढा आत आला. मागोमाग कळप. मागून घोंगडी पांघरलेला एक माणूस, ज्याच्याभोवती प्रणालीने चौकोन काढलाच नाही. घोंगडीला चेहरा नसतो.

इतका वेळ भिंतीला चिकटून उभा असलेला आमचा संशयित दोन पावले पुढे झाला.

“ती बगा, चिंधीवाली! आन् ही सोनी, लई खोडील, हिनंच खाल्लं असंल त्येचं रोप. ही गंगी. हिला काल कोकरू झालं.”

तो एकेकीचे नाव घेत होता. कक्षातले कर्मचारी खुर्च्या सोडून जवळ आले. मला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसत होत्या आणि मला वाटते, प्रणालीलाही. चेहरे ओळखण्याचे काम त्या खोलीत त्या दुपारी एकट्या त्यानेच केले. शेवटी दोन काळी कोकरे आणि बिनशेपटीचे कुत्रे पडद्यावरून गेले. उपनिरीक्षकाने कागदावर शेवटची खूण केली, कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “सर, मी चुकलो.” नोकरीत हे वाक्य मी फार कमी वेळा ऐकले आहे. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांकडून तर नाहीच.

वरिष्ठांना फोन केला. त्यांनी विचारले, “मग उद्या यंत्रणेबद्दल काय सांगायचं?”

“तिने एका निरपराध माणसाला सोडवलं, असं सांगता येईल, सर.”

“ती बातमी होत नाही,” ते म्हणाले. पण परिषद पुढे ढकलली, हे त्यांच्याबाबत नोंदवले पाहिजे.

उन्हे उतरायच्या आत आम्ही माळावर पोहोचलो. बरोबर महिला अंमलदार होत्या. मेंढपाळ जीपमधून उतरला तेव्हा त्याची बायको दगडांची चूल सोडून उठली. घोंगडीची घडी त्याच्या हातातून घेतली. एवढेच. आमच्याकडे वळल्यावर मात्र तिने भीड ठेवली नाही. बाभळीखाली पोते अंथरून दिले आणि सांगू लागली.

“पिवळ्या टोपीची दोघं आली हुती. पाणी मागितलं, म्या दिलं.”

“काही वेगळं वाटलं?”

“पायात चपला हुत्या की! चक्कीची माणसं आमी रोज बगतो, जड बूट घालून फिरतेत. आन् गाडीच्या मागल्या फळीवर वाघ काढलेला. त्येचा एक डोळा खरवडलेला हुता.”

जबाब लिहून झाला, तिला वाचून दाखवला. कागद मिटताना मी विचारले, “बाई, हे सकाळीच सांगितलं असतं तर?”

ती म्हणाली, “तुमी इचारलं का? जीप आली, फोन घितला, मालकास्नी घितलं अन् गेली. म्या हितंच उभी हुते.”

उपनिरीक्षक वहीत काहीतरी शोधू लागला. मी बाभळीकडे पाहिले.

एका डोळ्याचा वाघ दोन दिवसांत सापडला. पूर्वी कंत्राटावर काम केलेले दोघे होते. हेल्मेट आणि जाकिटे त्यांनी परत केली नव्हती आणि बूट त्यांना कधी मिळालेच नव्हते. चोरीला निघताना ते फोन घरीच ठेवत, म्हणून आमच्या याद्यांत ते नव्हते. केबल जप्त झाली. पहारेकरी चौथ्या दिवशी शुद्धीवर आला आणि पुढे ओळख परेडमध्ये त्याने दोघांनाही ओळखले. मेंढपाळाचा कळप तोवर दोन मुक्काम पुढे गेला होता. मी कागद केले असते तर तो कोठडीत असता, माळावर ती बाई आणि सगळी मेंढरे, आणि वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र. हे चित्र मनात आले की अजूनही मी सुस्कारा सोडतो.

आता निवृत्त मंडळींच्या बैठकीत कॅमेरे, टॉवर, सरकारची नजर यांवर वाद होतो. एकाला वाटते, यंत्रे आली आता गुन्हा संपला. दुसऱ्याला वाटते, यंत्रे आली आता माणूस संपला. मी दोघांचीही निराशा करतो. टॉवरने आम्हाला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. फोन कुठे आहे एवढेच त्याला माहीत होते आणि तेवढेच त्याने सांगितले. माणूस कुठे होता, ही भर आमची. यंत्राचे उत्तर खरे असते म्हणून आपला प्रश्न बरोबर ठरत नाही. आणि जो कायदा नागरिकाला ऐनवेळी कोणी सांगत नाही, तो पुस्तकात असला काय आणि नसला काय. त्या माणसाला तो आधी माहीत असता, आणि तो पाळला जाईल असा भरवसा असता, तर पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळाला असता.

आठवड्याने पत्रकार परिषद झालीच. ‘अत्याधुनिक यंत्रणा आणि गोपनीय माहिती यांच्या आधारे’ गुन्हा उघडकीस आल्याचे जाहीर झाले. ती गोपनीय माहिती आमच्या जीपपासून दहा पावलांवर, चुलीजवळ, भर उजेडात उभी होती.

त्यानंतरच्या दीड वर्षात तपासाला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सूचना देत आलो. याद्या बघा, पडदा बघा, सगळे बघा. मग जागेवर जा, गाडीतून खाली उतरा आणि तिथे जो कोणी उभा असेल त्याला विचारा.