लाल टाके, काळे टाके

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. गुरम्माची लेक नीलम्मा तेव्हा सहा वर्षांची होती. दोन वर्षांची असताना ती चार शब्द बोलायची. मग ते एकेक करून गेले, आणि पोर दोन्ही हात छातीशी धरून सारखी चोळत बसू लागली. त्याची गुरम्मानं सवय करून घेतली. झोपेची मात्र सवय होईना. रात्री बारा वाजले की नीलम्मा टक्क जागी. खदखदून हसायची, मधेच किंचाळायची, ते थेट उजाडेपर्यंत. शेजारची सुंदरम्मा म्हणायची, दिवसा झोपू देतेस, मग असंच होणार की.

नवरा मल्लप्पा गिरणीत कायम रात्रपाळीला. सुट्टीच्या दिवशी तो अक्कलकोटला आईकडे मुक्कामाला जायचा. सकाळी घरी यावं, तर लेक गाढ झोपलेली. म्हणून पोरीला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, तेव्हा तोच आधी बोलला, "झोप लई हाय तिला. मी बघंल तवा झोपलेलीच." गुरम्मानं रात्रीचं सांगितलं, तर हिला वाढवून सांगायची खोड आहे म्हणून तो हसला. डॉक्टरांनी सुस्ती घालवायचं टॉनिक दिलं. त्यानं सकाळची झोपही तुटक झाली.

आता आपलं कोण खरं मानणार, या विचारानं गुरम्मा दोन दिवस जेवली नाही. तिला लिहिता येत नव्हतं. पण वाकळ शिवण्यात गल्लीत तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. तिनं मांजरपाटाचा तुकडा घेतला. जवळच्या पोलीस लाईनीत तासातासाला टोल पडायचे. रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत टोल पडला की एक टाका, पोर झोपलेली असेल तर लाल, जागी असेल तर काळा. एका रात्रीची एक ओळ. कधी डुलकी लागलीच, तर नीलम्माचं हसू तिला उठवायचं.

एकविसाव्या दिवशी तिनं कापड पसरलं. काळा पट्टा वरपासून खालपर्यंत सरळ उतरला होता!

मल्लप्पा पाळीवरून आला तसा तिनं त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही. पोरीला कडेवर घेऊन, त्याला सोबत ओढत ती नवी पेठेतून जवळजवळ पळतच दवाखान्यात शिरली आणि डॉक्टरांच्या कागदांवरच कापड अंथरलं.

"तोंडानं सांगितलेलं पटंना, म्हणून शिवून आणलंय की."

डॉक्टरांनी रंग समजून घेतले. बोट ओळीओळीवरून फिरवलं. मग मल्लप्पाला त्याची पाळी विचारली. अकरा ते सात, तो म्हणाला. काळे टाके बाराला सुरू होत होते आणि सातला लाल. मल्लप्पानं स्वतः काळे टाके मोजले. तो घरी नसायचा, नेमके तेवढेच तास.

"या दुखण्याचं नाव मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बाई खरं बोलत होत्या. औषध मीच चुकीचं दिलं." टॉनिक बंद केलं, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना कळवतो म्हणाले, आणि कापड मागितलं. गुरम्मानं ते छातीशी धरलं. हे देणार नाही, तुम्हाला दुसरं शिवून देते, म्हणाली.

बाहेर आल्यावर मल्लप्पानं लेकीला आपल्याकडे घेतलं. "पाळी बदलून मागतो," तो म्हणाला. "आता सांग, रात्री काय काय करती ही?"

गुरम्मा चार वर्षांच्या रात्री सांगत सुटली. हसणं कसं, रडणं कसं, कुठल्या रात्री तीही पोरीबरोबर हसली. गल्ली आली तरी तिचं संपलं नव्हतं. मल्लप्पा घराकडे वळलाच नाही. लेकीला खांद्यावर घेऊन, ऐकत, तो तसाच पुढे चालत राहिला.